‘द ट्रबल विथ हॅरी’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिचकॉकच्या या १९५५ सालच्या सिनेमाबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्यांनी तो अजून पाहिलेला नाही त्यांनी प्रश्न ११ पर्यंत बिनधास्त वाचावं. बाराव्या प्रश्नापासून शेवटासकट सगळं उघड केलं आहे.

१. हा सिनेमा आहे तरी कशाबद्दल?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं हायवॉटर नावाचं इवलंसं गाव. पानगळीचे दिवस, सकाळची वेळ. खेळण्यातली बंदूक घेऊन टेकडीवर हिंडणाऱ्या अर्नी नावाच्या पोराला एक माणूस मरून पडलेला दिसतो. तोच हॅरी. थोड्याच वेळात कळतं, की याला आपणच मारलं असं गावातल्या तिघांना वाटतंय : सशाच्या शिकारीला निघालेले म्हातारे कॅप्टन वाइल्स, एकट्या राहणाऱ्या मिस ग्रेव्हली आणि अर्नीची आई जेनिफर. चौथा सॅम. हा चित्रकार. त्याचा या मृत्यूशी काडीचाही संबंध नाही, पण मदतीला सगळ्यांत पुढे तोच. मग ही चौघं दिवसभर हॅरीला पुरतात, उकरतात, परत पुरतात, आणि या खटाटोपात दोन जोड्या जमतात. लांबी ९९ मिनिटं.

२. याला रहस्यपट म्हणायचं, विनोदी म्हणायचं की प्रेमकथा?

माझं उत्तर ठाम आहे : प्रेमकथा. त्यातही आधी कॅप्टन आणि मिस ग्रेव्हलींची, मग सॅम आणि जेनिफरची. ‘कोणी मारलं’ हा प्रश्न सिनेमात शेवटपर्यंत आहे, पण त्याचा उपयोग माणसांना एकमेकांच्या घरी न्यायला होतो. हॅरी मेला नसता तर कॅप्टन मिस ग्रेव्हलींकडे कॉफी प्यायला कधीच गेले नसते.

ती पहिली भेट बघाच. कॅप्टन हॅरीचे पाय धरून त्याला झाडीत ओढत असतात, तेवढ्यात मिस ग्रेव्हली समोर येतात. किंकाळी नाही की काही नाही. काय अडचण आहे एवढंच त्या विचारतात, आणि बोलता बोलता कॅप्टनना दुपारी ब्लूबेरी मफिन खायला बोलावतात. पुढे त्या दुकानात जाऊन कॅप्टनसाठी एक मोठा कप विकत घेतात. पुरुषाचं बोट कानात नीट बसतंय ना, हे त्या सॅमला बोट घालायला लावून बघतात. कॅप्टन घरी आल्यावर कपाचं कौतुक करतात, तेव्हा त्या सांगतात की हा कप वडिलांचा, वर्षानुवर्षं घरात आहे. वडील शांतपणे गेले असतील ना, असं कॅप्टन अदबीने विचारतात. नाही, मळणीयंत्रात सापडले. हे त्या ज्या सुरात सांगतात, त्या सुरात अख्खा सिनेमा आहे. एका नव्या कपासाठी बाई इतकं खोटं बोलते यावरून तिच्या मनातलं सगळं कळतं.

३. हिचकॉकचा सिनेमा असून जराही भीती का वाटत नाही?

कारण इथे भीती दाखवायचीच नव्हती. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा ट्रुफोंना दिलेल्या प्रसिद्ध दीर्घ मुलाखतीत हिचकॉकनी सांगितलं आहे, की नेहमी अंधारात घडणारी गोष्ट त्यांना लख्ख उन्हात आणायची होती. खळाळत्या ओढ्याकाठी खून मांडून त्या नितळ पाण्यात रक्ताचा एक थेंब सांडावा, असं काहीसं त्यांनी म्हटलं होतं. सिनेमातला सगळा विनोद न दचकण्यातून येतो. पाण्याची टाकी कुठे बसवायची यावर घरात बोलणं व्हावं, तितक्या शांतपणे ही माणसं प्रेताची व्यवस्था ठरवतात. जेनिफर पहिल्यांदा प्रेत बघते तेव्हा तिचा चेहरा उजळतो आणि ती मुलाला म्हणते, चल घरी, लिंबाचं सरबत करते. ही चाल ज्याला पचली त्याला सिनेमा आवडतो. नाही पचली तर वीस मिनिटांतच चुळबूळ सुरू होते.

४. हे गाव खरं आहे का? आणि मूळ कथा कुठली?

हायवॉटर काल्पनिक आहे, पण बाहेरचं चित्रीकरण व्हरमाँटमधल्या क्राफ्ट्सबरी आणि आसपासच्या गावांत झालं, १९५४ च्या शरदात. मूळ कादंबरी जॅक ट्रेव्हर स्टोरी या इंग्रज लेखकाची, १९४९ ची, आणि ती इंग्लंडमध्ये घडते. हिचकॉक आणि पटकथाकार जॉन मायकेल हेज यांनी ती उचलून अमेरिकेत आणली. गाव बदललं तरी माणसांचं बोलणं मात्र इंग्रजी खेड्यातलंच राहिलं, तोलून मापून. लंडनच्या लेटनस्टोनमध्ये जन्मलेल्या दिग्दर्शकाला त्या बोलण्याची चव ठाऊक होती. अमेरिकन प्रेक्षक कुठे अडकला, त्याचं एक कारण इथे आहे. बाकीची कारणं प्रश्न ७ मध्ये.

५. झाडांना पानं चिकटवली होती, हे खरं?

हो. लाल, शेंदरी, पिवळ्या पानांसाठी एवढ्या लांब गेलेल्या मंडळींना पावसाने आणि वाऱ्याने गाठलं, आणि बरीच झाडं आधीच ओकीबोकी झालेली होती. म्हणून पानं चिकटवून झाडं उभी केली. पावसामुळे मॉरिसव्हिल गावातल्या शाळेच्या व्यायामशाळेत सेट लावावे लागले. तिथे पत्र्यावर पावसाचा इतका आवाज व्हायचा, की बरेच संवाद नंतर ध्वनिमुद्रित करावे लागले. एकदा तर वरून जड कॅमेरा खाली कोसळला आणि हिचकॉक थोडक्यात वाचले. राहिलेलं काम हॉलिवूडच्या स्टुडिओत झालं.

‘टेकडीवरची काही दृश्यं खोटी वाटतात’ अशी तक्रार बरेच जण करतात. ती रास्त आहे. खऱ्या दरीच्या दृश्यानंतर लगेच स्टुडिओतली माती आणि रंगवलेलं आभाळ येतं तेव्हा सांधा दिसतो. पण रॉबर्ट बर्क्स यांचं छायाचित्रण आणि व्हिस्टाव्हिजन या रुंद पडद्याच्या तंत्राची मोठी, स्वच्छ चौकट यांमुळे बाहेरची दृश्यं आजही डोळे निववतात. शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहा.

६. यात ओळखीचं कोण आहे?

जेनिफर म्हणजे शर्ली मॅक्लेन. हा तिचा पहिलाच सिनेमा. ब्रॉडवेवर ‘द पजामा गेम’ या संगीत नाटकात ती मुख्य नर्तकीची बदली कलाकार होती. नर्तकीचा पाय दुखावला, ही रंगमंचावर उभी राहिली आणि निर्मात्यांच्या नजरेत भरली. तिचे आखूड कापलेले केस आणि वाक्य जणू आत्ताच सुचलं अशा थाटात बोलण्याची ढब तेव्हा अगदी नवी होती.

कॅप्टनच्या भूमिकेत एडमंड ग्वेन. १९४७ सालच्या ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’मधल्या सांताक्लॉजसाठी त्यांना ऑस्कर मिळालं होतं आणि हिचकॉकबरोबर त्यांनी आधीही काम केलं होतं. चित्रीकरणाच्या वेळी त्यांचं वय ७७. मिस ग्रेव्हली झालेल्या मिल्ड्रेड नॅटविक ४९ वर्षांच्या होत्या. सिनेमात त्या बेचाळीसच सांगतात आणि सॅम तोंडावर पन्नास म्हणतो. सॅम म्हणजे जॉन फोर्साइथ, दुकानदार मिसेस विग्ज म्हणजे मिल्ड्रेड डनॉक, छोटा अर्नी म्हणजे जेरी मॅदर्स, जो पुढे अमेरिकन टीव्हीवर घराघरांत पोचला. हॅरी झालेल्या नटाचं नाव फिलिप ट्रूएक्स. एवढा वेळ निश्चल पडून राहायचं, हेही काम सोपं नव्हे.

७. प्रदर्शित झाला तेव्हा लोकांना कसा वाटला?

अमेरिकेत पडला. सप्टेंबर १९५५ च्या अखेरीस व्हरमाँटमधल्याच बॅरी गावात पहिला खेळ झाला, मग ऑक्टोबरमध्ये बाकीच्या देशात. समीक्षकांनी झोडपला असं झालं नाही, पण मोठ्या वर्तमानपत्रांचा सूर ‘बरा आहे, गोड आहे’ याच्या वर गेला नाही. आणि हिचकॉकच्या सिनेमाला ‘गोड आहे’ म्हटल्यावर तिकीट कोण काढणार?

कारणं शोधायला फार लांब जायला नको. आदल्या वर्षी लोकांनी ‘रिअर विंडो’ पाहिला होता, जेम्स स्टुअर्ट आणि ग्रेस केलीचा. त्याच उन्हाळ्यात ‘टू कॅच अ थीफ’ आला होता : केरी ग्रँट, पुन्हा ग्रेस केली, फ्रान्सचा समुद्रकिनारा, दागिने. दोन्हींची पटकथा याच हेज यांची. त्याच नावांवर भरवसा ठेवून प्रेक्षक आला, तर पडद्यावर एक वयस्कर जोडपं, नवखी नायिका, फारसं नाव नसलेला नायक आणि मफिन! मोठा तारा नाही, पाठलाग नाही, गुन्हेगार पकडला जाण्याचा क्षण नाही. हिचकॉक पुढे म्हणाले, की हा सिनेमा विकायचा कसा हेच वितरकांना उमगलं नाही. मला यात तथ्य वाटतं. ‘खून’ म्हणून जाहिरात केली तर लोक फसवले गेल्यासारखे बाहेर पडणार, आणि ‘पानगळीतली प्रेमकथा’ म्हटलं तर हिचकॉकचं नाव वाया.

८. मग फ्रान्समध्ये तो इतका कसा चालला?

पॅरिसमध्ये शाँझेलीझेवरच्या एका छोट्या चित्रपटगृहात आठवडा-दोन आठवडे चालेल या हिशेबाने लावला, आणि सहा महिने गर्दी हटली नाही, ही आठवण ट्रुफोंच्या त्या मुलाखतीत निघते. प्रेक्षक पॅरिसकर होते की इंग्रज-अमेरिकन पर्यटक, अशी शंकाही तिथे बोलून दाखवली आहे. पण तिथे वातावरणही तयार होतं. हिचकॉकला गंभीर कलावंत मानणारी तरुण समीक्षकांची फळी तेव्हा पॅरिसमध्येच होती. त्यांतल्या एरिक रोमेर आणि क्लोद शाब्रोल यांनी १९५७ मध्ये त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. नेहमीपेक्षा वेगळा हिचकॉक मिळाला याचाच त्यांना आनंद. शिवाय छोट्या चित्रपटगृहात अशा सिनेमाचं बरं असतं. कुजबुजत नाव पसरायला वेळ मिळतो. अमेरिकेतल्या मोठ्या थिएटरांत तो वेळ मिळाला नाही.

९. पुरस्कार वगैरे काही?

शर्ली मॅक्लेनला नवोदित अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोब. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सिनेमाला आणि मॅक्लेनला नामांकन. ऑस्करचं एकही नामांकन नाही.

१०. हा सिनेमा मधली अनेक वर्षं कुठेच बघायला मिळत नव्हता, असं ऐकलं. का?

हक्कांमुळे. ‘रोप’, ‘रिअर विंडो’, ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९५६ चा), ‘व्हर्टिगो’ आणि ‘हॅरी’ या पाच सिनेमांचे हक्क हिचकॉककडे परत आले होते आणि ते बाजारातून काढून घेतले गेले. १९८० मध्ये हिचकॉक गेले. त्यानंतर १९८३-८४ च्या सुमारास युनिव्हर्सलने हे पाचही पुन्हा प्रदर्शित केले. तोवर एक अख्खी पिढी यांच्याबद्दल फक्त वाचत राहिली होती.

बाकीच्या चारांना या पुनरागमनाचा भरपूर फायदा झाला. ‘हॅरी’ त्यांच्या सावलीत राहिला. एकाच वेळी ‘व्हर्टिगो’ आणि ‘हॅरी’ समोर आले, तर लोक आधी कशाला जातील हे उघड आहे. तरीही आज त्याला स्वतःचे चाहते आहेत, आणि त्यांतले पुष्कळ जण दर शरदात तो पुन्हा लावतात. नावडणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच : नुसत्या गप्पा, घडत काहीच नाही. माझीही दोन ठिकाणी अडचण होते. मधला पुरण्या-उकरण्याचा भाग एका फेरीने कमी असता तर बरं झालं असतं, आणि सॅम कलेबद्दल बोलायला लागला की तो माणसाऐवजी लेखकाचा प्रवक्ता होतो.

११. घरच्यांबरोबर, मुलांबरोबर बघता येईल का? ‘जाने भी दो यारो’सारखा आहे का?

रक्त जवळजवळ नाही, हिंसा पडद्यावर नाही. संवादांत मात्र चावटपणा आहे. ओळख होऊन पाच मिनिटं होतात न होतात तोच सॅम जेनिफरला सांगतो, की तुझं विवस्त्र चित्र काढायला आवडेल. १९५५ च्या मानाने हे धाडसच होतं. मोठ्या मुलांबरोबर हरकत नाही. लहान मुलं कंटाळतील.

कुंदन शाह यांच्या १९८३ च्या त्या सिनेमातही प्रेत इकडून तिकडे नेलं जातं, म्हणून मराठी प्रेक्षकांना तो हमखास आठवतो. पण साम्य तिथेच संपतं. तिथे प्रेताभोवती मुंबईतला भ्रष्टाचार आणि पराभवाची चीड आहे. हॅरीच्या प्रेताभोवती कसलाच राग नाही.

*इथून पुढे शेवट उघड केला आहे.*

१२. शेवटी हॅरीला मारलं कोणी?

कोणीच नाही. डॉक्टर सांगतात, हृदयविकाराने गेला. क्रम असा : हॅरी जेनिफरला परत न्यायला आला. तिने त्याच्या डोक्यात दुधाची बाटली घातली. तो भ्रमिष्टासारखा झाडीत शिरला आणि मिस ग्रेव्हलींना बायको समजून ओढू लागला. त्यांनी बुटाची टाच हाणली. कॅप्टनच्या तीन गोळ्यांपैकी एक डब्याला, एक ‘शिकार करू नये’च्या पाटीला आणि तिसरी सशाला लागली होती.

१३. नवरा मेल्याचं जेनिफरला जराही दुःख नाही. हे खटकत नाही का?

हा प्रश्न कळकळीने विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. जेनिफरचं प्रेम हॅरीच्या भावावर, रॉबर्टवर होतं. अर्नी त्याचाच मुलगा. रॉबर्ट वारल्यावर हॅरीने कर्तव्य म्हणून तिच्याशी लग्न केलं आणि राशिभविष्यात दिवस चांगला नाही म्हणून लग्नाच्या रात्री तो फिरकलाच नाही. दिराशी लग्न लावून बाईची सोय लावणं, पत्रिकेवरून आयुष्य ठरवणं, हे आपल्याला काही परकं नाही. मला तर जेनिफरच्या मोकळ्या चेहऱ्यात क्रूरपणा दिसत नाही, सुटका दिसते. कर्तव्यापोटी तिला पदरात घेणारा माणूस तिला कधी हवाच नव्हता. अर्थात सिनेमा हॅरीची बाजू मांडत नाही, हा त्याचा एकांगीपणा आहेच.

१४. अर्नीच्या ‘काल’ आणि ‘उद्या’चा घोळ काय आहे?

अर्नीला आज, काल, उद्या यांचा हिशेब जमत नाही. सुरुवातीला हे नुसतं बालिश बोलणं वाटतं. शेवटी सगळा डाव त्यावरच उभा राहतो. हॅरीला धुऊन-पुसून, कपडे इस्त्री करून ते परत टेकडीवर ठेवतात, म्हणजे सकाळी तो अर्नीला ‘पहिल्यांदा’ सापडेल. पोलिसाने पोराला कधी दिसला असं विचारलं, तरी उत्तराचा काही उपयोग होणार नाही.

१५. जेनिफरच्या घरातलं ते कपाटाचं दार आपोआप का उघडतं?

खुलासा नाही, आणि तो शोधूही नये. दार करकरत उघडतं, सगळे दचकून बघतात, आत काही नसतं. बर्नार्ड हरमन यांच्या संगीतातही अशीच हुलकावणी आहे. आरंभी शिंगवाद्यांचे गंभीर, धमकावणारे सूर, आणि लगेच खट्याळ चाल. हिचकॉकसाठी हरमन यांनी दिलेलं हे पहिलं संगीत. ‘व्हर्टिगो’ आणि ‘सायको’ नंतरचे. पुढे याच सुरांतून त्यांनी हिचकॉकचं व्यक्तिचित्र म्हणून एक स्वतंत्र रचनाही बांधली.

१६. सॅमची चित्रं विकत घेणाऱ्या लक्षाधीशाच्या कानात सॅमने काय मागितलं?

डबल बेड. चित्रांच्या बदल्यात पैसे न घेता तो सगळ्यांसाठी हवं ते मागतो : जेनिफरला स्ट्रॉबेरी, अर्नीला रसायनांचा संच, मिसेस विग्जना गल्ल्याचं यंत्र. स्वतःसाठीची मागणी फक्त कानात, आणि ती शेवटच्या क्षणी कळते. सेन्सॉरच्या त्या काळात नवराबायकोंनाही पडद्यावर वेगळ्या खाटा असायच्या, हे लक्षात घेतलं तर हे वाक्य किती मजेशीर होतं ते कळेल. सॅमची चित्रं जॉन फेरेन या अमूर्तवादी चित्रकाराची आहेत.

१७. हिचकॉक स्वतः कुठे दिसतो?

रस्त्याकडेला सॅमची चित्रं मांडली आहेत, तिथे तो लक्षाधीश चित्रं न्याहाळत असतो. त्याच्या उभ्या मोटारीपलीकडून चालत जाणारे गृहस्थ म्हणजे हिचकॉक. पहिल्या अर्ध्या तासातच, पापणी लवायच्या आत.

१८. डॉक्टर म्हणाले नैसर्गिक मृत्यू, मग सरळ पोलिसांना का सांगितलं नाही? बुटांचं आणि चित्राचं काय झालं?

कारण मृत्यू नैसर्गिक असला तरी पुरणं-उकरणं नैसर्गिक नव्हतं. वेळेवर न कळवता दिवसभर प्रेत लपवलं, याचा जाब चौघांनाही द्यावा लागला असता. दुसरीकडे हॅरी कायमचा गायबही करता येत नाही, कारण तो मेल्याचं सिद्ध झाल्याशिवाय जेनिफरला सॅमशी लग्न करता येणार नाही. म्हणून तो सापडायलाच हवा, पण नव्याने.

डेप्युटी शेरीफ कॅल्विन विग्जच्या हाताशी दोनच गोष्टी असतात : भटक्याने हॅरीच्या पायांतून काढलेले बूट, आणि सॅमने काढलेलं मृत चेहऱ्याचं चित्र. चित्रावर सॅम त्याच्या डोळ्यांदेखत रंगाचे फटकारे मारून मिटलेले डोळे उघडे करतो. बूट कॅप्टन त्याच्या गाडीतून हळूच पळवतात. राहता राहिला भटक्याचा जबाब, आणि त्याला दुजोरा द्यायला पुरावा उरत नाही. कायद्याच्या कसोटीवर हे किती टिकेल ते वकिलांनी ठरवावं. डॉक्टरांनी तोंड उघडलं तर सगळं ओमफस्, हेही खरं. पण पुस्तकात डोकं घालून चालताना हॅरीला अडखळून, त्याची माफी मागून पुढे गेलेले डॉक्टर आहेत ते.